अर्धवट उघडी झडप

पेट्रोल इंजिनाची ताकद कमी-जास्त करण्याची जी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, तीच आजही बहुतेक मोटारसायकलींत आणि लहान मोटारींत चालू आहे, आणि इंधनाच्या एका मोठ्या नुकसानीचे मूळ त्या पद्धतीतच आहे. चालक ॲक्सिलरेटर दाबतो किंवा मूठ पिळतो तेव्हा तो थेट पेट्रोल वाढवत नसतो, तर इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची एक गोल चकती फिरवून ती वाट मोकळी करत असतो. या चकतीला थ्रॉटल म्हणतात. हवा किती आत गेली यावरून पेट्रोल किती द्यायचे हे पूर्वी कार्बोरेटर ठरवत असे आणि आता इंधन-फवारणीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र ठरवते. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण फारसे ढळू देता येत नाही, कारण मिश्रण फार विरळ झाले तर ते ठिणगीने नीट पेटत नाही आणि धुरातील घातक वायू निष्प्रभ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच प्रमाणावर उत्तम काम करते. त्यामुळे पेट्रोल कमी करायचे असेल तर हवाही कमी करावी लागते, आणि हवा कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिची वाट अडवणे.

अडवलेल्या वाटेतून हवा ओढण्याचे काम पिस्टनला करावे लागते. जनावरांना लस टोचण्याच्या सिरिंजचे तोंड बोटाने जवळजवळ बंद करून दट्ट्या मागे ओढला तर हाताला जो ताण जाणवतो, तोच ताण पिस्टनला प्रत्येक वेळी खाली येताना सोसावा लागतो. थ्रॉटल आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळीत हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा बराच कमी होतो, तर पिस्टनच्या खालच्या बाजूला जवळजवळ वातावरणाचाच दाब असतो, त्यामुळे त्याला या फरकाविरुद्ध खाली खेचावे लागते. ज्वलन झाल्यावर उरलेला धूर सायलेन्सरमार्गे बाहेर ढकलताना पुन्हा काही ताकद लागते. हवा आत ओढणे आणि धूर बाहेर काढणे या देवघेवीत खर्ची पडणाऱ्या एकूण कामाला पंपिंग लॉस म्हणतात. गाडी पुढे नेण्यासाठी या कामाचा काहीही उपयोग होत नाही, मात्र त्याचे इंधन टाकीतूनच जाते.

हे नुकसान मोजण्याचे सूत्र सोपे आहे. धूर बाहेर पडतानाचा दाब आणि हवा आत येतानाचा दाब यांतील फरकाला इंजिनाच्या घनक्षमतेने, म्हणजे ‘सीसी’ने, गुणले की इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत वाया जाणारे काम मिळते. ऑटोमोबाइल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हेच गणित दाब आणि आकारमान यांच्या आलेखावर शिकवले जाते. त्या आलेखात वरचा मोठा फेरा इंजिनाने कमावलेल्या कामाचा असतो आणि खालचा लहान, उलट दिशेचा फेरा पंपिंगमध्ये गमावलेल्या कामाचा असतो. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले असून तेथे ऑटोमोबाइल ही स्वतंत्र शाखा आहे. त्या शाखेतील विद्यार्थ्यांना या गणिताचे जिवंत उदाहरण महाविद्यालयाजवळून जाणाऱ्या पुणे–नाशिक रस्त्यावर पाहता येते.

मंचरहून नारायणगावमार्गे आळेफाट्याकडे सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० किलोमीटर वेगाने चाललेली १,२०० सीसीची एक लहान पेट्रोल मोटार उदाहरणादाखल घेता येईल. या वेगाला टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांवर मात करून गाडी चालती ठेवायला चाकांपाशी साधारण ५ किलोवॅट ताकद पुरते, जी अशा इंजिनाच्या कमाल ताकदीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. म्हणून थ्रॉटल बरेचसे मिटलेले राहते आणि नळीतला दाब ४५ किलोपास्कलच्या आसपास येतो. किलोपास्कल हे दाबाचे एकक असून समुद्रकिनाऱ्यावर वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल भरतो. बाहेर जाणाऱ्या धुराचा दाब या भागात ९५ किलोपास्कल धरला तर फरक ५० किलोपास्कलचा होतो, त्याला १,२०० सीसीने गुणले की दर दोन फेऱ्यांना ६० ज्यूल काम वाया जाते, आणि इंजिन मिनिटाला २,४०० फेरे करत असेल तर हा आकडा सेकंदाला १,२०० ज्यूल, म्हणजे १.२ किलोवॅट होतो. चाकांना ५ किलोवॅट पोचवण्यासाठी इंजिन केवळ हवा ओढण्यात आणि धूर ढकलण्यात त्याच्या जवळजवळ पाव हिश्शाइतकी ताकद घालवते. इंधनाच्या भाषेत सांगायचे तर अशा चालीत जळणाऱ्या पेट्रोलचा साधारण दहावा भाग याच कामी लागतो. हा हिशोब अंदाजी आहे आणि प्रत्येक गाडीगणिक तो थोडा बदलेल, पण नुकसान किती मोठे आहे हे त्यावरून स्पष्ट दिसते.

वरच्या हिशोबात धुराचा दाब ९५ किलोपास्कल धरण्याचे कारण या भूभागाच्या उंचीत आहे. याच भागातील जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तेथे हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या जवळपास असतो, आणि बाहेर पडणाऱ्या धुराचा दाब त्याहून थोडा अधिक भरतो. पठारावर हवा विरळ असल्याने इंजिनाची कमाल ताकद घटते, हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. मंद चालीत इंजिनाला हवी तेवढीच हवा मिळवायची तर विरळ हवेत थ्रॉटल थोडे अधिक उघडावे लागते, आणि धूरही कमी दाबाच्या वातावरणात सोडावा लागतो, म्हणून दोन्हीकडील दाबांतला फरक कमी होतो. तीच मोटार त्याच वेगाने माळशेज घाटाखाली मुरबाड–कल्याणच्या बाजूला चालवली तर धुराचा दाब १०३ किलोपास्कलच्या आसपास जाईल आणि पंपिंगमधील नुकसान १.२ किलोवॅटऐवजी जवळजवळ १.४ किलोवॅट होईल. गॅरेजमधल्या व्हॅक्यूम गेजवरही हा फरक दिसतो. नळीतील निर्वात पाऱ्याच्या इंचांत दाखवणाऱ्या या तबकडीवर निरोगी इंजिन जागच्या जागी चालू असताना समुद्रकिनारी साधारण १७ ते २१ इंच आकडा येतो, तर जुन्नरच्या उंचीवर तो सुमारे दोन इंचांनी कमी येतो, आणि तो इंजिनातला दोष नसतो.

गाडी उभी असताना चालू राहिलेले इंजिन हे या नुकसानीचे टोक आहे. त्या वेळी चाकांना काहीच द्यायचे नसते, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण मिटलेले असते आणि जळणारे सगळे पेट्रोल पंपिंग, अंतर्गत घर्षण आणि डायनामोसारखी जोडयंत्रे यांतच संपते. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या दिवसांत कोंडीत उभ्या राहिलेल्या वाहनाचे ॲव्हरेज शून्य असते, हे गणिताने वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही.

डिझेल इंजिनाने हा प्रश्न मुळातच टाळला. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यांच्या कल्पनेत ठिणगी नव्हती. नुसत्या हवेवर प्रचंड दाब देऊन ती इतकी तापवायची की आत सोडलेले इंधन आपोआप पेटेल, ही त्यामागची मूळ दृष्टी होती. अशा इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठरलेले असण्याची गरज नसते, म्हणून दर वेळी सिलिंडर भरून हवा घ्यायची आणि ताकद कमी हवी असेल तेव्हा फक्त डिझेल कमी सोडायचे, एवढे पुरते. हवेच्या वाटेवर अडसर नाही म्हणून पिस्टनला निर्वाताविरुद्ध झगडावे लागत नाही. डिझेल वाहन पेट्रोलपेक्षा कमी इंधनात जाते याचे श्रेय अधिक दाबप्रमाणाला दिले जाते आणि ते रास्तच आहे, परंतु रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या गाडीत, म्हणजे जेथे भार हलका असतो तेथे, थ्रॉटल नसण्याचा वाटाही मोठा असतो. पुण्यातील किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. वीज पोचण्याआधी महाराष्ट्रातल्या विहिरींवर अशा कंपन्यांची जी डिझेल इंजिने पाणी उपसत होती त्यांना या गुणाचा तुलनेने कमी उपयोग होता, कारण पंपावरचे इंजिन बहुधा एकाच, जवळजवळ पूर्ण भारावर चालते. खरा लाभ रस्त्यावर झाला, जेथे भार क्षणाक्षणाला बदलतो. मंचर किंवा ओतूरच्या बाजारातून कांदा भरून मुंबईकडे जाणारा आणि रिकामा परत येणारा टेम्पो हे त्याचे नेमके उदाहरण आहे. मात्र भारत स्टेज ६ चे प्रदूषण-नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर आला, काही इंजिनांत धूर परत फिरवण्यासाठी हवेच्या नळीतही झडप आली, आणि डिझेलच्या पदरी पंपिंगचा थोडाफार खर्च नव्याने पडला. हवा स्वच्छ राहावी यासाठी हा खर्च सोसणे योग्यच आहे.

पेट्रोल गाडीच्या चालकाच्या हाती जो उपाय आहे तो कोणत्याही सुट्या भागात नसून गिअर टाकण्याच्या दांड्यात आहे. वरच्या उदाहरणातील मोटार ताशी ७० किलोमीटर वेगानेच, पण चौथ्या गिअरमध्ये चालवली तर इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे करते. तेवढ्याच ताकदीसाठी दर फेऱ्याला कमी काम लागत असल्याने थ्रॉटल अधिक मिटते, नळीतला दाब ४५ वरून साधारण ३८ किलोपास्कलवर उतरतो आणि पंपिंगमधील नुकसान १.२ वरून १.७ किलोवॅटवर जाते. रस्ता तोच, वेग तोच आणि वाराही तोच असताना केवळ गिअर चढवण्यात केलेल्या आळसाने अर्धा किलोवॅट वाया जातो, शिवाय वाढलेल्या फेऱ्यांचे घर्षण वेगळे. इंजिन गुदमरून ठोके देऊ लागणार नाही इतपत कमी फेऱ्यांवर आणि इतपत वरच्या गिअरवर चालणे, म्हणजेच थ्रॉटल जास्तीत जास्त उघडे ठेवून कमी फेऱ्यांत काम भागवणे, हे पंपिंग कमी करण्याचे सर्वांत स्वस्त तंत्र आहे. पहाटे वाडीवस्तीवरून दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून डेअरीकडे निघालेली शंभर सीसीची मोटारसायकल टॉप गिअरमध्ये शांतपणे चालताना जे ॲव्हरेज देते, ते खालच्या गिअरमध्ये किंचाळत चालवल्यास देत नाही, यामागे हेच कारण आहे. घाट चढताना मात्र परिस्थिती उलटते. घोडेगाव–डिंभे मार्गे भीमाशंकरकडे चढणाऱ्या मोटारीचे थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडे असते, म्हणून किलोमीटरमागे पेट्रोल जास्त लागत असले तरी त्या पेट्रोलच्या प्रत्येक थेंबातून मिळणारे उपयुक्त काम सपाट रस्त्यापेक्षा अधिक असते.

याच मुद्द्यावरून एका सार्वत्रिक गैरसमजाचा निकाल लागतो. एअर फिल्टर काढून टाकला किंवा सायलेन्सरच्या आतली जाळी उपसली की हवा मोकळी होते आणि ॲव्हरेज वाढते, असे अनेक ठिकाणी मानले जाते. पेट्रोल इंजिनात मंद चालीला हवा अडवण्याचे काम थ्रॉटल मुद्दाम करतच असते. फिल्टरने थोडी हवा अडवली तर चालक नकळत थ्रॉटल किंचित जास्त उघडतो आणि एकूण अडसर होता तेवढाच राहतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंधन-फवारणीच्या पेट्रोल मोटारींवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर बसवून चाचण्या घेतल्या, तेव्हा इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही, फक्त गाडीचा उठाव कमी झाला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर मिश्रण दाट करून पेट्रोल खातो आणि डिझेलमध्ये तो धूर वाढवतो, त्यामुळे तेथे तो वेळेवर बदलावाच लागतो. पण फिल्टर काढून टाकणे सर्वच इंजिनांना मारक आहे. जुन्नरच्या द्राक्षबागांमधल्या कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात जी बारीक माती उडते ती थेट सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजते, इंजिन तेल जाळू लागते, आणि वाचवायला निघालेल्या काही रुपयांच्या पेट्रोलपायी इंजिन उतरवण्याचा खर्च पदरी पडतो.

अभियंत्यांनी गेल्या काही दशकांत शोधलेले उपाय वरवर वेगवेगळे दिसत असले तरी त्यांचे मर्म एकच आहे. थ्रॉटल न मिटता इंजिनाला हवा कमी कशी घ्यायला लावायची, किंवा मुळात इंजिनच लहान करून ते अधिक भरलेले कसे ठेवायचे, या दोन प्रश्नांभोवती ते सारे फिरतात. धुराचा काही भाग परत सिलिंडरमध्ये सोडणे हा त्यांतला जुना उपाय आहे. या निष्क्रिय वायूने जागा व्यापल्यामुळे तेवढीच ताजी हवा घेण्यासाठी थ्रॉटल अधिक उघडता येते. इंग्रज अभियंता जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८०च्या दशकात ज्या दिशेने विचार केला त्याच्या आधारे आजची हायब्रिड इंजिने चालतात. त्यांत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन वर येऊ लागल्यावरही काही काळ उघडा ठेवला जातो, त्यामुळे सिलिंडर भरून घेतलेल्या हवेतला काही भाग पिस्टन स्वतःच परत नळीत ढकलतो. हवा कमी राहते, पण ती घेताना निर्वात निर्माण झालेला नसतो. १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसने ही पद्धत रूढ केली आणि २०२२ पासून भारतात मिळणाऱ्या टोयोटा हायरायडर व मारुती ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड आवृत्त्यांतही ती वापरली आहे. हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज वाढते ते केवळ बॅटरीमुळे, ही समजूत अर्धवट आहे. बॅटरी आणि मोटर सोबत असल्यामुळे इंजिनाला हलक्या, म्हणजे पंपिंगला महाग, भारावर चालण्याची वेळच कमी येते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये आणखी सरळ मार्ग धरला. तिच्या व्हॅल्व्हट्रॉनिक यंत्रणेत व्हॉल्व्ह किती उचलला जावा हेच नियंत्रित केले जाते आणि नेहमीच्या चालीत थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडे राहते.

चाकण औद्योगिक पट्टा आंबेगावच्या दक्षिणेला लागून असलेल्या खेड तालुक्यात आहे, आणि तेथील स्कोडा–फोक्सवॅगनच्या कारखान्यात २०२१ पासून तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या मोटारींच्या १.५ लिटर आवृत्तीत यापैकी एक उपाय पाहायला मिळतो. सपाट रस्त्यावर भार हलका झाला की या इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी मधले दोन आपोआप थांबतात. त्यांचे पिस्टन वर-खाली होतच राहतात, मात्र व्हॉल्व्ह बंद राहतात आणि इंधन थांबते. आत कोंडलेला वायू वर येणाऱ्या पिस्टनने दाबला जातो आणि पिस्टन खाली जाताना दाबण्यात गेलेले काम बहुतांशी परत करतो, म्हणून बंद सिलिंडर जवळजवळ फुकट फिरतात. उरलेल्या दोघांना दुप्पट काम करावे लागते, त्यासाठी थ्रॉटल अधिक उघडते आणि पंपिंगचा खर्च घटतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबताच चारही सिलिंडर क्षणार्धात कामाला लागतात. ही कल्पना नवी नाही. कॅडिलॅकने १९८१ साली आठ सिलिंडरांच्या इंजिनात ती आणली होती, पण त्या काळातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पुरेसे चपळ नसल्याने गाड्या अडखळत आणि तो प्रयोग लवकरच गुंडाळावा लागला. चाळीस वर्षांनंतर तीच युक्ती पुणे जिल्ह्यात जुळवलेल्या मोटारीत निर्धोकपणे काम करते, याचे श्रेय मधल्या काळात परिपक्व झालेल्या नियंत्रणयंत्रणेला द्यावे लागते. याच गाड्यांतले एक लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन दुसऱ्या वाटेने जाते. ते आकाराने लहान असल्याने रोजच्या चालीत अधिक भरलेले राहते, आणि जास्त ताकद हवी असेल तेव्हा धुरावर फिरणारा टर्बोचार्जर हवा दाबून आत ढकलतो.

पंपिंग लॉस सर्वत्र शत्रू नसतो, हे आळेफाटा–ओतूर–मढ मार्गे माळशेज घाट उतरताना कळते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली की थ्रॉटल मिटते, चाके उताराच्या जोरावर इंजिनाला फिरवू लागतात आणि पिस्टनला निर्वाताविरुद्ध ओढण्यात जे काम खर्च होते तेच गाडीला आवर घालते. १,२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनात मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर केवळ पंपिंगमधून अडीच किलोवॅटपेक्षा अधिक रोध मिळू शकतो आणि त्यात इंजिनाचे घर्षण आणखी भर घालते. इंधन-फवारणीच्या गाडीत या अवस्थेत पेट्रोल पूर्णपणे तोडले जाते. उलट पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल सतत जळत राहते आणि सारा भार ब्रेकवर येतो. घाटात न्यूट्रलमध्ये उतरणे हे जिवावर बेतणारे तर आहेच, पण ज्या बचतीसाठी ते केले जाते ती बचतही त्यातून होत नाही.

थ्रॉटल नसलेल्या डिझेल गाडीला हा आधार पुरेसा मिळत नाही. टोमॅटोचे क्रेट किंवा कांद्याच्या गोण्या भरून कल्याणकडे उतरणारा ट्रक गिअरमध्ये असला तरी त्याचे इंजिन हवा मोकळेपणाने घेते आणि मोकळेपणाने सोडते, म्हणून त्याचा रोध वजनाच्या मानाने अपुरा पडतो. यावर उपाय म्हणून जड वाहनांच्या धुराच्या नळीत एक झडप बसवलेली असते. चालकाने कळ दाबताच ती मिटते, बाहेर जाणारी हवा कोंडते, आणि पिस्टनला वर येताना त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. पेट्रोल इंजिनात जे नुकसान हवेच्या येण्याच्या वाटेवर होते, तेच येथे जाण्याच्या वाटेवर हेतुपुरस्सर घडवून आणले जाते. एक्झॉस्ट ब्रेक या नावाने चालक ओळखतात ती हीच झडप. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात आणि निसरड्या वळणांवर तिच्यामुळे चाकांचे ब्रेक तापत नाहीत आणि ऐन वेळी हवे तेव्हा हाती शिल्लक राहतात.